आजोबांच्या डबीतलं झिजलेलं नाणं कोणत्या राजाचं, हे कसं ओळखायचं?

तुमच्या नाण्यावर एका बाजूला हत्तीसारखं काहीतरी दिसतं, मागे चार खळगे आहेत, आणि चिंच-मिठाने घासलं तर अक्षरं वर येतील का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून घासू नका. कॉलेजात असताना मी माझं पहिलं नाणं रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं होतं. सकाळी ते लालबुंद निघालं, आणि आदल्या दिवशी कडेला दिसणारी दोन अक्षरं गेली होती. इतक्या जुन्या नाण्यात वरचा धातू कधीच गंजून गेलेला असतो. अक्षराचा आकार उरतो तो त्या काळ्या-हिरव्या थरातच. ती दोन अक्षरं कोणती होती, हे आता कधीच कळणार नाही, याची हळहळ अजून आहे.

वर्णनावरून तुमचं नाणं सातवाहनांचं, पोटीनचं वाटतं. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण, कांशाचंच भावंड. त्यावर एका बाजूला सोंड उचललेला हत्ती असतो आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. वापरात उंच रेषा आधी झिजतात, वर्तुळांच्या पोटातला खोलगटपणा मागे राहतो. तुमचे चार खळगे बहुधा तेच.

हत्तीचंही तसंच. त्याचं पोट सगळ्यात आधी सपाट होतं, पण पायांमधली फट आणि सोंड-कपाळामधली बेचकी शेवटपर्यंत टिकते. रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला अगदी आडवा धरा आणि नाणं बोटाने हळूहळू फिरवा. बराच वेळ नुसता काळा गोळा दिसेल. मग एका कोनात त्या बेचकीत सावली भरते आणि अख्खा हत्ती समोर उभा राहतो.

आता हत्तीचे पाय खाली येतील असं नाणं धरा. अक्षरं त्याच्या डोक्या-पाठीवरून कडेकडेने जातात. साचा नाण्यापेक्षा मोठा असल्याने पूर्ण ओळ क्वचितच उमटते, त्यामुळे चार-पाच अक्षरं मिळाली तरी खूप. त्या काळच्या ब्राह्मी लिपीतला ‘क’ अधिकच्या खुणेसारखा, ‘त’ उघडलेल्या कर्कटकासारखा, ‘य’ जहाजाच्या नांगरासारखा. पण ‘तकणिस’ एवढंच वाचता आलं तर त्यावरून राजा ठरत नाही, कारण ‘सातकणि’ (सातकर्णी) हे सातवाहन राजांपैकी कित्येकांच्या नावात आहे. बघायचं ते ‘सिरि’नंतर, म्हणजे ‘श्री’नंतर, काय येतं ते. ‘पुळु’ आलं तर पुळुमावि, ‘यञ’ आलं तर यज्ञ सातकर्णी, ‘कुंभ’ आलं तर कुंभ सातकर्णी.

या दोन अक्षरांसाठी मी एवढा जीव का टाकतो, तेही सांगतो. १९३९ साली आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी अशाच पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला आणि इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला. त्यात कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही नावं निघाली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ही तिन्ही नावं नाहीत. हे राजे होऊन गेले हे आपल्याला कळलं ते अशा झिजक्या तुकड्यांमुळे.

सोनाराच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर नाणं कोरड्या जागी, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, तो गंज किडीसारखा आतला धातू खात जातो. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. आणि कधी शेतात पुरलेली नाणी सापडलीच, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तूसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

टॉर्च डावीकडून धरून एक आणि उजवीकडून धरून एक, असे दोन फोटो इथे टाका. हत्तीच्या डोक्याजवळची कड नीट येऊ द्या, मी वाचून बघतो.