नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे दगावले: कारण कसे शोधावे?

तुम्ही लिहिले आहे की 60 लिटरच्या टाकीत समुद्री मीठ कालवलेले पाणी भरून चौथ्या दिवशी दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल सोडले, सोडल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि आठवड्याभरात तिन्ही दगावले. पाणी मात्र शेवटपर्यंत नितळ होते. नवे मासे आणण्यापूर्वी कोणते औषध घालावे, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे की सध्या औषधही घालू नका आणि मासेही आणू नका, कारण मृत्यूचे कारण ठरल्याशिवाय आणलेला प्रत्येक जीव त्याच संकटात पडेल.

मासे सोडल्यानंतर काही तासांतच मेले असते, तर मी पिशवीतील आणि टाकीतील पाण्याच्या खारटपणातला फरक किंवा नळाच्या पाण्यातील क्लोरीन यांकडे आधी बोट दाखवले असते. तुमचे मासे दोन दिवस बरे होते आणि मग तिघांनाही श्वास घेणे जड झाले, म्हणून माझा पहिला संशय अमोनियावर आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून तो सतत पाण्यात येत असतो. त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत ते नसतातच, आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी त्यांची उणीव भरून काढत नाही. अमोनियाला रंग नसल्यामुळे पाण्याच्या नितळपणावरून काहीच कळत नाही.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक का, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. पाण्यातील अमोनियाचा काही भाग तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो आणि उरलेला विषारी रूपात. हे प्रमाण मुख्यतः सामूवर (pH, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) ठरते. सामू 7 असलेल्या गोड्या पाण्यात विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, तर समुद्री टाकीच्या 8.2 च्या आसपासच्या सामूला तो सुमारे दहापट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात मासे जेवढा अमोनिया सोसतात, तेवढाच इथे त्यांचा जीव घेऊ शकतो. नायट्राइटचे मात्र उलट आहे: समुद्री पाण्यातील भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून सहजासहजी आत शिरत नाही, म्हणून गोड्या पाण्यासाठी लिहिलेले इशारे वाचून त्या आकड्याने घाबरून जाऊ नका.

दुसरा संशय व्हेल्वेट या परजीवी रोगाचा आहे. यातही मासे धापा टाकतात आणि दोन-चार दिवसांत मरू शकतात. पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून थांबणे, उजेड टाळणे, बाजूने विजेरीचा प्रकाश टाकल्यावर अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसणे, ही त्याची लक्षणे तुम्ही पाहिली होती का, ते आठवून पाहा. अंगावर मिठाच्या कणांएवढे सुटे पांढरे ठिपके असतील, तर तो वेगळा परजीवी असतो आणि तो सहसा थोडा अधिक वेळ घेतो. टाकीतील पाणी अजून तसेच असेल तर आजच अमोनिया मोजा. तो स्पष्टपणे चढलेला असेल तर बहुधा उत्तर मिळाले. शून्य असेल तर व्हेल्वेटची शक्यता बळावते.

पाणी आटल्यावर तुम्ही त्यात पुन्हा खारे पाणी भरत होतात, ही सवय तेवढी आजच थांबवा. वाफ होऊन फक्त पाणी जाते, मीठ मागेच राहते. म्हणून भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावी. पाण्याचा खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या जवळ असावे. ते मोजायला काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरपेक्षा 35 भाग प्रतिहजारच्या द्रावणाने जुळवून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर मला कितीतरी अधिक भरवशाचा वाटतो.

आता टाकी पाण्याने भरलेली पण माशांविना, आणि पंप, फिल्टर आणि हीटर चालू ठेवून किमान सहा आठवडे राहू द्या. या काळात जिवाणू वाढतील आणि व्हेल्वेट असेल तर यजमान मासा न मिळाल्याने तो संपण्याची दाट शक्यता आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा संशय असेल तर मात्र सुमारे अकरा आठवडे थांबा, कारण त्याच्या कोशांतून 72 दिवसांपर्यंत पिल्ले बाहेर पडल्याची नोंद आहे. जिवाणूंना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया दर लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत न्या. एवढा अमोनिया आणि त्यातून तयार झालेले नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टाकी तयार झाली असे समजा. मग निम्मे पाणी बदला आणि वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवलेला एकच मासा आधी सोडा. 60 लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी पुरे. डॅमसेल आपल्या हद्दीसाठी इतरांना छळतो, म्हणून तो माझ्या मते या टाकीत नसावा. तांब्याचे औषध कधी लागलेच तर त्या वेगळ्या टाकीतच वापरा, कारण मुख्य टाकीत ते खडकांत मुरते आणि पुढे कोळंबी, गोगलगाई व प्रवाळांना मारते.

अमोनिया, सामू, तापमान आणि विशिष्ट गुरुत्व यांचे आकडे, तसेच पाणी कुठले वापरले आणि मासे कसे सोडले, हे कळवलेत तर मला अधिक नेमके सांगता येईल.