अमेरिकन रॅपर एमिनेम गोरा आहे म्हणूनच एवढा मोठा झाला का? आणि त्याचे चाहते दुसऱ्या कुणाला मोजतच का नाहीत?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: रॅपवाल्यांनी त्याला आपला मानलं ते कशामुळे, आणि त्याचे अल्बम एवढे खपले ते कशामुळे. माझ्या मते पहिल्याचं श्रेय त्याच्या लेखणीला आणि तो जिथे घडला त्या डेट्रॉइट शहराला आहे. दुसऱ्यात मात्र रंगाचा वाटा मोठा आहे.

रॅपमध्ये गोऱ्यांना मज्जाव कधीच नव्हता. बीस्टी बॉइज हे तिघे गोरे, आणि 1987 मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत मासिकाच्या अल्बम यादीत अव्वल ठरलेला पहिला रॅप अल्बम त्यांचाच. वातावरण बिघडलं ते व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरमुळे. 1990 मध्ये त्याचं 'आइस आइस बेबी' पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मग कळलं, की मायामीच्या गल्ल्यांत वाढल्याची त्याची कहाणी बरीचशी बनावट होती. लोकांना झोंबलं ते हे खोटं. ज्या संगीताचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत झाला, तिथे दुसऱ्याचं दुःख पांघरून पैसा करणं कुणी खपवून घेणार नव्हतं. त्यानंतर गोरा रॅपर दिसला की आधी संशयच यायचा.

एमिनेमला हा संशय समोरासमोर फेडावा लागला. डेट्रॉइटमध्ये 'हिप हॉप शॉप' नावाचं कपड्यांचं दुकान होतं, तिथे रॅप बॅटल व्हायच्या, म्हणजे दोन रॅपर समोरासमोर एकमेकांवर ओळींनी वार करायचे. सूत्रसंचालन त्याचा जिवलग मित्र प्रूफ करायचा. ऐकणारे बहुतेक कृष्णवर्णीय. तिथे ओळी कमी पडल्या तर रंग वाचवत नाही, उलट समोरचा पहिला घाव रंगावरच घालतो. पुढे डॉ. ड्रे या कृष्णवर्णीय रॅपर-निर्मात्याने त्याला करारबद्ध केलं आणि 1999 मध्ये 'द स्लिम शेडी एलपी' हा अल्बम आला, पण त्याची पत आधी या बॅटलमध्ये ठरली होती.

एमिनेमच नायक असलेल्या '8 माइल' या 2002 च्या चित्रपटातली शेवटची बॅटल आठवा. नायक स्वतःची गरिबी, चाकांवरच्या ट्रेलरमधलं घर, सगळं आधीच सांगून टाकतो आणि कृष्णवर्णीय प्रतिस्पर्धी खासगी शाळेत शिकल्याचं उघड करतो. प्रसंग जबरदस्त आहे, मला तो फार आवडतो. तरी त्यातला युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. गरिबी खरी असली म्हणून गोरेपणाचा फायदा नाहीसा होत नाही. एमिनेमला हे ठाऊक होतं. त्याच वर्षीच्या 'व्हाइट अमेरिका' या गाण्यात तो म्हणतो, की मी कृष्णवर्णीय असतो तर खप निम्मा झाला असता. उपनगरांतल्या गोऱ्या मुलांना त्याच्यात आपला चेहरा दिसला, हेही तो तिथेच सांगतो.

2003 मध्ये 'द सोर्स' मासिकाने त्याचं कोवळ्या वयातलं एक रेकॉर्डिंग बाहेर काढलं, त्यात कृष्णवर्णीय मुलींबद्दल घाणेरडे शब्द होते. त्याने माफी मागितली. मी ते रेकॉर्डिंग विसरायला सांगणार नाही, पण त्यावरून त्याचं सगळं काम रद्दही करणार नाही.

आता चाहत्यांबद्दल. आपल्याकडे, माझ्यासह, कित्येक जण एमिनेममुळेच रॅपकडे आले. त्याच्यावर जीव असणं साहजिक आहे. पण "एमिनेमच्या ओळींना अर्थ असतो, बाकीचे नुसते पैसा आणि गाड्या करतात" असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. 'बाकीचे' म्हणजे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय कलाकार, आणि बोलणाऱ्याने त्यांतल्या चौघांनाही नीट ऐकलेलं नसतं. ही निष्ठा खुद्द एमिनेमला तरी कशी चालेल? 2022 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा त्याने व्यासपीठावरून आपल्या आधीच्या रॅपर्सची लांबलचक यादी वाचली आणि हेच माझे शिक्षक असं सांगितलं.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर एरिक बी आणि राकिम या जोडीचा 1987 चा अल्बम 'पेड इन फुल' ऐका. ओळीच्या शेवटी थांबून न राहता ओळीच्या पोटात यमकं कशी पेरायची, ते राकिम तिथे दाखवतो. त्यानंतर लगेच 'द स्लिम शेडी एलपी' लावा.