अठ्ठेचाळीस किलो कशासाठी?

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. उंची 5 फूट 4 इंच, वजन 58 किलो, दिवाळीला घरी जाताना 48 व्हायला हवं, आणि त्यासाठी गणपतीपासून रात्रीची मेस बंद. शेवटी विचारलंस, ‘मॅडम, मी जाड आहे ना? खरं सांगा.’ खरंच सांगते. नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. मी संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा आकड्यांतच बोलू.

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलंस तर तुझा बीएमआय 22 च्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटना 18.5 ते 24.9 ठीक मानते. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी रेघ आणखी अलीकडे ओढतात, 23 पासूनच वजन जास्त धरतात. तू त्या रेघेच्याही आत आहेस. आता 58 च्या जागी 48 घाल. उत्तर येतं 18.2. ज्या आकड्यासाठी तू उपाशी झोपतेस तो ‘कमी वजन’ या रकान्यातला आहे. हा आकडा तुला कुणी दिला, हे एवढ्या लांब मेलमध्ये कुठेच नाही. डॉक्टरांनी नक्कीच दिलेला नाही.

असं वाटणारी तू एकटी नाहीस. 22 देशांतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःला जाड समजण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये बरंच जास्त आढळलं. मुलांची नजर पुष्कळदा उलट्या बाजूला चुकते. तुझ्याच वर्गातला तुझा तो मित्र बघ. स्वतःला काडी पैलवान म्हणवतो आणि जिममध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून खानावळीचे पैसे प्रोटीन पावडरच्या डब्यात घालतो. तुम्ही दोघं एका बाकावर बसता, दोघांची तब्येत धड आहे, तरी एकीला आरशात जास्त दिसतं आणि दुसऱ्याला कमी.

डोळ्याला किलो कळत नाहीत, त्याला फक्त शेजारी कोण उभं आहे ते कळतं. गावाकडे तुझ्यासमोर गल्लीतल्या आणि शाळेतल्या मुली होत्या. इथे पुण्यात एफसी रोड आहे, ट्रायल रूमचे आरसे आहेत, प्रत्येक कंपनीचा वेगळाच ‘एल’ आहे, आणि हातातल्या फोनमध्ये उजेड लावून, फिल्टर मारून, पन्नासांतून एक निवडून टाकलेले फोटो आहेत. फिजीच्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही पोचला. तिथे तोवर भरल्या अंगाचं कौतुक असायचं. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण 11 टक्क्यांवर गेलं होतं. तिथे पोचलेला तो नुसता टीव्ही होता. तुझा फोन तर उशाशी असतो.

आता पुण्यातलीच गोष्ट सांगते, आणि ही नीट वाच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीरावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी होते, आपले याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. जवळपास तुझाच. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजन-उंचीचा हिशेब सारखा आणि चरबीचं प्रमाण दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचाही अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे आहे.

म्हणून मला तुझ्या उपासांची धास्ती वाटते. जेवण तोडून वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायूही झिजतो. पुढे जेवण सुरू झालं की वजन परत येतं, पण गेलेला स्नायू तसा आपोआप भरून निघत नाही. दिवाळीत काटा 48 दाखवेल, मैत्रिणी वाहवा करतील आणि तुझ्या अंगातली ताकद कमी झालेली असेल. बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा चरबी जास्त असते, ती असायलाच हवी, पाळी त्यावर चालते. तुला कमी कशाची करायचीच असेल तर त्या आकड्याच्या धाकाची कर. वाढवायचा तो स्नायू.

तू लिहिलंस की लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही, रात्री दोन दोन तास पदार्थांचे व्हिडिओ बघत बसतेस, आणि त्याची लाज वाटते. लाज कसली? अमेरिकेत 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्याच संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तुझी इच्छाशक्ती कमी पडत नाहीये, तुझा मेंदू जेवण मागतोय. याच कीज यांनी 1972 मध्ये बीएमआयला ते नाव दिलं. सूत्र त्याआधीचं, 1830 च्या दशकातलं, बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांचं. त्यांना समाजाची सरासरी शोधायची होती, एकेका मुलीचा निकाल लावायचा नव्हता. वर्गात सरासरी शिकवताना मी हेच घोकून घेते, तुला आठवत असेल.

आता काय करायचं ते. रात्रीची मेस उद्यापासून सुरू कर. रोज काट्यावर उभी राहणं थांबव. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, एवढ्यानेही काटा किलो-दीड किलो हलतो, आणि ते निव्वळ पाणी असतं. मोजायचंच तर टेपने कंबर मोज. आपल्या बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या आत असली की पुरे. हिमोग्लोबिन तपासून घे, ते 12 च्या खाली असेल तर तुझ्या थकव्याचं कारण सापडेल. तुझ्या वजनाला दिवसाला 48 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मेसच्या पातळ आमटीतून ती भरत नाहीत, हे मलाही माहीत आहे. दुपारी उसळ असेल तर दुसऱ्यांदा घे, दह्याची वाटी सोडू नकोस, अंडी चालत असतील तर दोन उकडून खा, खोलीवर शेंगदाणे-फुटाण्यांचा डबा ठेव. सकाळी मैत्रिणीला घेऊन हनुमान टेकडी चढ, आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका आणि जोर काढ. जोर भिंतीला हात टेकून सुरू केलेस तरी चालतील.

घरचं बोलणं हा वेगळाच जाच आहे. दिवाळीत काकू ‘पुण्याचं पाणी मानवलं गं तुला’ म्हणणार, आणि खरंच वाळलीस तर त्याच ‘अगं, तिकडे खायला मिळत नाही का’ असं विचारणार. स्थळाचा विषय निघाला की वजनाचाही निघतो. आईला आधी फोन करून स्पष्ट सांग की माझ्या अंगावरून कुणी बोललेलं मला आवडत नाही, तू मध्ये पड. आया मध्ये पडतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

एक गोष्ट मात्र लपवू नकोस. जेवून मुद्दाम उलटी काढत असशील, पाळी तीन महिने चुकली असेल, चक्कर येऊन पडली असशील, किंवा चार घास खाल्ल्यावरही अपराधी वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला दिवाळीची वाट बघायची नाही. मी सोबत येईन. रात्री-अपरात्री मन फार अस्वस्थ झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की मला पाठव. रविवारी संध्याकाळी तुमची मेस बंद असते ना, तेव्हा आमच्याकडे जेवायला ये. त्या काडी पैलवानालाही आण, त्याच्याशीही बोलायचं आहे.

तुझी,
मॅडम