रजेवर असलेल्या जवानाचा अपघात झाला, तर मिलिटरीचा वकील मिळतो का की खाजगीच करावा लागतो?

जय हिंद दादा. तुम्ही लिहिलंय की भाऊ हवालदार आहे, वय ३६, रजेवर आला होता आणि कोरेगावच्या रस्त्याला मागून आलेल्या कारने बाईक उडवली, डाव्या पायात रॉड टाकलाय. युनिटमधलं कुणीतरी म्हणतंय मिलिटरीचं लीगल एड आहे, फुकट होईल, आणि गावातले म्हणतायत ओळखीचा वकील आहे, पंचवीस टक्के घेतो पण काम करतो. नक्की काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

मी इन्फंट्रीत क्लार्क होतो, आता पेन्शनवर आहे. २०१३ मध्ये रजेवर असतानाच मला एका जीपने उडवलं होतं, तोही डावाच पाय, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. जरा लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा आणि भावालाही वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, 'मिलिटरीचा वकील' या शब्दाने लोकांचा फार गोंधळ होतो. आर्मीत जॅग ब्रँच असते, म्हणजे जज अॅडव्होकेट जनरलचं खातं, पण त्यातले अधिकारी कमांडरला कायद्याचा सल्ला देतात आणि कोर्ट मार्शलचं काम बघतात, ते काही तुमच्या भावासाठी साताऱ्याच्या कोर्टात इन्शुरन्स कंपनीविरुद्ध उभे राहणार नाहीत, ते त्यांचं कामच नाही. युनिट काय करतं तर कागद देतं, रजा देतं, आणि सीओ साहेबांनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, मनावर घेतलं तर कलेक्टर आणि एसपींना पत्र पाठवतं, त्या पत्राने पोलीस स्टेशनला फाईल हलते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण कोर्टात उभं राहणारा वकील एकतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो नाहीतर आपण खाजगी करतो, तिसरा रस्ता नाही.

आता फुकट वकिलाचं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये कुणाला फुकट वकील मिळतो ते लिहिलंय: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, आणि ज्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे ते. हवालदाराचा आजचा पगार बघितला तर उत्पन्नाच्या अटीत तो बसणं अवघड, पण बाकीच्या अटींत बसत असेल तर मिळतो. शिवाय २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिवसाला, नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, त्यात सैनिक बोर्डाच्या ऑफिसात लीगल क्लिनिक चालवायचं ठरलंय, आपल्याकडे त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय म्हणतात. तिथे सल्ला मिळतो, अर्ज लिहून मिळतो, म्हणून तुम्ही आधी तिथेच जा. भाऊ हॉस्पिटलात असेल तर वहिनींना घेऊन जा, कागदांची एक झेरॉक्स फाईल घेऊन जा. एक पैसा लागत नाही, आणि खाजगी वकील करायचा ठरला तरी तिथे ऐकलेलं उपयोगी पडतं.

आता माझं सांगतो. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलात माझ्या कॉटजवळ एक माणूस स्टूल ओढून बसला. माझं नाव, रेजिमेंट, जीपचा नंबर, सगळं त्याला ठाऊक होतं. काखेतल्या रेक्झिनच्या फाईलमधून त्याने तीन कोरी वकीलपत्रं आणि एक कोरा स्टॅम्पपेपर काढला, म्हणाला साहेब फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो. सलाईन लावलेल्या हाताने मी सह्या केल्या, चौथा हिस्सा त्यांचा असं तोंडी ठरलं. वकील मला दीड वर्षात एकदाच दिसला. मग फोन आला की लोकअदालतीत तडजोड होतेय, येऊन सही करा, मी दहा दिवसांची कॅज्युअल घेऊन आलो आणि दोन लाख दहा हजारांवर सही केली. त्या वेळी माझं मेडिकल बोर्ड, म्हणजे आर्मीच्या डॉक्टरांची फिटनेस ठरवणारी तपासणी, व्हायचं बाकी होतं. पाच महिन्यांनी बोर्डाने मला परमनंट लो मेडिकल कॅटेगरी दिली, पळणं बंद, जास्त वेळ उभं राहणं बंद, आणि नायब सुभेदारच्या प्रमोशनचा नंबर गेला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. सगळं कळलं तेव्हा काहीच करता आलं नाही, ही गोष्ट मला आजही रात्री आठवते.

म्हणून भावाला एवढं पक्कं सांगा की मेडिकल कॅटेगरीचा शेवटचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही तडजोडीवर सही करायची नाही, मग वकील फुकटचा असो नाहीतर खाजगी. लोकअदालत वाईट नाही, उलट बऱ्याच अपघाताच्या केसेस तिथेच लवकर मिटतात आणि पैसे लवकर हातात येतात, पण जवानाचं नुकसान डिस्चार्ज कार्डावर दिसत नाही, ते रिकॅट बोर्डात, म्हणजे मेडिकल कॅटेगरी पुन्हा ठरवणाऱ्या बोर्डात दिसतं.

हे नीट समजून घ्या कारण इन्शुरन्सवाले हमखास एक मुद्दा काढतात की जवानाचा पगार तर चालूच आहे, उपचारही मिलिटरी हॉस्पिटलात फुकट झाले, मग नुकसान कसलं? त्याचं उत्तर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे, कोर्टाने सांगितलं की डॉक्टरने लिहिलेला अपंगत्वाचा टक्का एक आणि त्या माणसाच्या कामावर, कमाईवर झालेला परिणाम दुसरा, तो वेगळा बघायचा. टेबलावर बसून काम करणाऱ्याला पायाच्या रॉडने जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट रायफल घेऊन डोंगर चढणाऱ्याला पडतो. प्रमोशन, एक्स्टेन्शन, कोर्स, सगळीकडे आधी मेडिकल बघतात. समजायला एक हिशोब करतो, समजा पगार महिना ६० हजार, म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या कोष्टकाप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ आहे, म्हणजे १ कोटी ८ लाख. आता कमाईच्या क्षमतेतलं नुकसान १० टक्के धरलं तर १० लाख ८० हजार, ५ टक्के धरलं तर निम्मे. नोकरी चालू असली की ट्रिब्युनल, म्हणजे अपघात भरपाईचं कोर्ट, हा आकडा सरळ देत नाही, कमी करतं, कधी दुसऱ्या नावाखाली देतं, पण टक्का कोण आणि कसा सिद्ध करतो यावर किती लाखांचा फरक पडतो ते बघा.

आणि तो सिद्ध करायचा तर डॉक्टरला कोर्टात साक्ष द्यावी लागते. इथे जवानांची केस हमखास अडते, कारण खडकीच्या एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, ऑपरेशन केलेले सर्जन साहेब कोर्टात केस सुनावणीला येईपर्यंत आसामला नाहीतर लेहला पोस्टिंगवर गेलेले असतात. म्हणून आत्ताच, डॉक्टर तिथे असतानाच, केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशन नोट्स, मेडिकल बोर्डाची प्रोसिडिंग यांच्या सही-शिक्क्याच्या कॉप्या मागून ठेवा, आणि जोडीला जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखलाही काढून ठेवा, तिथले डॉक्टर साक्षीला बोलवणं सोपं जातं.

युनिटकडून काय घ्यायचं तेही सांगतो, हे माझं रोजचं काम होतं. रजेचं सर्टिफिकेट, अपघाताआधीच्या पे स्लिप, इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय २००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे आर्मीची चौकशी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, अपघाताआधीची मेडिकल कॅटेगरी शेप वन, म्हणजे पूर्ण फिट, होती याचा दाखला, आणि सिनियॉरिटीप्रमाणे प्रमोशनला कधी बसला असता याचं पत्र. हे शेवटचं पत्र कुणी मागतच नाही आणि खरं तर केसचा अर्धा जीव त्यात असतो. भाऊ सिव्हिलमध्ये असताना युनिटला कळवलं होतं ना? नसेल तर आज कळवा, रजा संपून गेली तर गैरहजेरीचं दुसरंच लचांड मागे लागतं.

अपंगत्वाच्या पेन्शनच्या भरवशावर राहू नका. रजेवर घरच्या कामाला जाताना झालेला अपघात सेवेशी संबंधित नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ च्या जुझार सिंग निकालात म्हटलंय. सरकारी खर्चाने युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना अपघात झाला असेल तर ते ड्युटीत धरतात, तेव्हा तसं काही असेल तर रेल्वे वॉरंट म्हणजे सरकारी प्रवासाचा पास, तिकीट जपून ठेवा. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ही साधी रजेतली घटना दिसते, म्हणून ट्रिब्युनलची भरपाई हाच मोठा आधार आहे. आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि बँकेच्या डिफेन्स सॅलरी पॅकेजमधला अपघात विमा वेगळा, त्याची चौकशी वेगळी करा.

मुदतीचं बघा, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने क्लेम दाखल करायला अपघातापासून सहा महिने ठेवलेत, १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याला आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रिब्युनलना सांगितलं की फक्त उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका, तरी त्या आशेवर बसायचं नाही. आणि केस अपघात झाला तिथे, किंवा अर्जदार राहतो तिथे, किंवा गाडीवाला राहतो तिथे, कुठेही टाकता येते, म्हणजे भाऊ जम्मूला असला तरी साताऱ्यातच टाका, निदान तुम्हाला तारखांना जाता येईल. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो, पोलीस स्टेशनला जाऊन त्याच्या कॉप्या मागा, लाजू नका.

भावाला तारखेला यावं लागेल तेव्हा आर्मी अॅक्टच्या कलम ३२ चा उपयोग करा. सीओंचं सर्टिफिकेट दिलं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत याला केससाठी रजा दिलीय, तर कोर्टाने शक्य तितकं त्या रजेच्या आतच काम उरकायचं असतं. बऱ्याच वकिलांना हे कलम माहीतच नसतं, झेरॉक्स काढून त्यांच्या हातात द्या.

मग वकील कुठला? माझं स्पष्ट मत सांगतो. जवान अपघातात मरण पावला असेल आणि बायको अर्ज करत असेल तर मी डोळे झाकून विधी सेवेत पाठवतो, बाईला उत्पन्नाची अटच नाही, आणि वय, पगार, गुणक यांचा हिशोब सरळ असतो. आमच्या गावातल्या एका वहिनींची केस पॅनेलवरच्या, म्हणजे विधी सेवेच्या यादीतल्या, तरुण वकील मॅडमनी इतकी मनापासून लढवली की मी स्वतः त्यांना नमस्कार करून आलो. पॅनेलचा वकील येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, सचिव स्वतः न्यायाधीश असतात, वकील बदलून मिळतो. पण तुमच्या भावासारखी केस, जिथे माणूस नोकरीत आहे, पगार चालू आहे आणि सगळा वाद कॅटेगरीवर आणि प्रमोशनवर आहे, तिथे डॉक्टरची साक्ष आणि उलटतपासणी घेण्यात मुरलेला, रोज मोटार अपघाताच्याच केसेस चालवणारा वकील लागतो. तो पॅनेलवर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर खाजगी करा, पण ठरलेल्या फीवर, टप्प्याटप्प्याने, पावती घेऊन.

टक्क्यावर अजिबात नाही. बार कौन्सिलच्या नियमात वकिलाने मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवणं बंद आहे, आणि २०१७ मध्ये बी. सुनीता या तेलंगणातल्या बाईंच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, त्यांचा नवरा अपघातात गेला होता आणि वकिलाने भरपाईच्या टक्क्याने फी मागितली होती. पंचवीस टक्केवाल्याला फक्त एवढं विचारा, साहेब हे वकीलपत्रावर लिहून देता का? कोऱ्या कागदावर सही नको, कोरा चेक नको, भरपाई भावाच्याच खात्यात आली पाहिजे आणि पासबुक घरात राहिलं पाहिजे.

समोरच्याने उलटी तक्रार दिली असेल, की बाईकवाल्याचीच चूक होती, तर मात्र एक दिवसही थांबू नका, युनिटला कळवा आणि वकील त्याच दिवशी गाठा, हेल्मेट, लायसन्स, बाईकचा इन्शुरन्स सगळं काढून ठेवा. आर्मीची गाडी चालवायचं लायसन्स आपल्या घरच्या बाईकला चालत नाही, सिव्हिल लायसन्स होतं ना ते बघा.

कमेंटमध्ये अपघाताची तारीख आणि रिकॅट कधी आहे तेवढं टाका, युनिटला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी आज रात्री लिहून देतो.