गाणी बनवायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, या तुझ्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर

अगं,

तुझा मेसेज तीनदा वाचला. चार सॉफ्टवेअरची नावं, प्रत्येकाचे प्लस-मायनस, आणि शेवटी "दादा, बेस्ट कुठलं ते एकदाच सांग ना". एवढा अभ्यास केलास पण त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती, की तुला ट्रॅक सुचतो तेव्हा आधी काय सुचतं? बीट सुचतो, की दोन-तीन लूप (तेच तेच परत वाजणारे तुकडे) एकावर एक टाकून खेळत बसावंसं वाटतं, की आधी गुणगुणतेस आणि मग त्याच्याखाली काय वाजेल ते शोधतेस? माझ्या मते निवड इथंच होते, फीचर्सची लिस्ट नंतर.

म्हणजे बघ, बीट आधी सुचत असेल तर एफएल स्टुडिओ. ते सुरुवातीला फ्रुटीलूप्स नावाचं साधं ड्रम वाजवायचं सॉफ्टवेअर होतं आणि ते वळण अजून गेलेलं नाही, उघडलं की सोळा चौकोनांची ओळ समोर, किक इथं, स्नेअर तिथं, दहा मिनिटांत काहीतरी वाजायला लागतं. पियानो रोल (सूर मांडायची चौकट) तर असा की बरेच जण त्याच्यासाठीच तिथून हलत नाहीत. आणि एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट फुकट, हे मला फार आवडतं.

एबल्टन लाइव्ह 2001 मध्ये आलं, त्याचं डोकंच वेगळं. त्यातल्या सेशन व्ह्यूमध्ये गाणं डावीकडून उजवीकडे सरकत नाही, नुसत्या क्लिप, म्हणजे छोटे तुकडे, मांडलेल्या असतात, तू एक चालू कर, दुसरी बंद कर, सगळं आपोआप टेम्पोत राहतं. लूपशी खेळत खेळत गाणं सापडणाऱ्यांसाठी याच्यासारखं काही नाही. पण मनात आधीच पूर्ण चाल तयार असेल तर हेच क्लिपचं प्रकरण मध्ये मध्ये येतं, मला तरी आलं.

गळा नाहीतर गिटार मुख्य, म्हणजे रेकॉर्डिंग जास्त, तर रीपर घे. विनअ‍ॅप (तो जुना एमपीथ्री प्लेयर) ज्यानं बनवलं त्याच जस्टिन फ्रँकेलचं हे काम, साईज एवढीशी, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं, आणि 60 दिवस काहीही लॉक न करता वापरायला देतात. फक्त दिसायला रुक्ष आहे आणि सोबतचे सिंथ (सॉफ्टवेअरमधली इलेक्ट्रॉनिक वाद्यं) नावापुरते, ते बाहेरून आणायचे. मॅक असेल तर आधी गॅरेजबँडच उघड, फुकट आहे, आणि पुढे लॉजिक (त्याचाच मोठा भाऊ) घेतलंस तर गॅरेजबँडमधले प्रोजेक्ट तिथे सरळ उघडतात. विंडोजवर लॉजिकचा विषयच नाही, अ‍ॅपलनं 2002 मध्ये लॉजिक बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजचं दुकान बंद केलं.

सिंथवर लगेच पैसे घालू नकोस. व्हायटल, सर्ज एक्सटी, डेक्स्ड हे तीन फुकट मिळतात (व्हायटलची बेसिक आवृत्ती फुकट आहे, ती पुरते), आणि व्हीएसटी (असे बाहेरचे प्लगइन जोडायची एक पद्धत) चालवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसतात. लॉजिक आणि गॅरेजबँड व्हीएसटी घेत नाहीत, तिथे एयू (मॅकवरची तशीच पद्धत) व्हर्जन टाकायचं, या तिघांचं ते पण आहे. डेक्स्ड म्हणजे 1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथची नक्कल, त्या काळातला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो हवा असेल तर तिथेच सापडेल.

ट्रायलमध्ये फसू नकोस. एफएलच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण सेव्ह केलेलं परत उघडत नाही, विकत घेईपर्यंत. तेव्हा एका बैठकीत जेवढं होईल तेवढं करून ऑडिओ एक्सपोर्ट करून ठेव. स्वस्त आवृत्त्यांचं पण नीट वाच: एफएलच्या सगळ्यात खालच्या आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करून प्लेलिस्टमध्ये (जिथं गाणं मांडतात) टाकता येत नाही, लाइव्हच्या इंट्रो या स्वस्त आवृत्तीत 16 च ट्रॅक, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे थर. सुरुवातीला 16 भरपूर होतात खरं तर, पण गाणारीला एफएलची ती आवृत्ती काय कामाची?

आणि कीबोर्डची की दाबल्यावर आवाज उशिरा आला तर लगेच सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नकोस. बहुतेक वेळा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, मोठा असतो. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) 1024 नमुन्यांचा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद, 128 केलास तर जेमतेम 3. (खरा उशीर याहून थोडा जास्तच, कारण बाकीच्या सर्किटचा पण वेळ लागतो.) विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर लाव, त्यानं हा उशीर कमी होतो. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना वाढव, नाहीतर तडतड ऐकू येईल.

मी काय केलं ते पण सांगतो, हसू नकोस. दोन वर्षांत तीन सॉफ्टवेअर बदलली. दरवेळी वाटायचं आता जमेल. फोल्डरमध्ये साठेक फाइल, सगळ्या आठ आठ बारच्या (मोजक्या सेकंदांच्या), आणि पूर्ण गाणं एकही नाही. वर लॅपटॉप बदलला तेव्हा अर्ध्या प्रोजेक्टमध्ये प्लगइन मिसिंग, सिंथच्या जागी नुसती शांतता. तेव्हापासून काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइल करून ठेवतो.

तर आता दोन ट्रायल उतरव, दोनच, आणि एकच धून दोन्हीकडे तीन मिनिटांपर्यंत ओढून बघ. कुठे मॅन्युअल कमी उघडावं लागलं ते बघ. दोन्ही ट्रॅक मला पाठव, एमपीथ्री चालेल, प्रोजेक्ट फाइल नको, तुझे प्लगइन माझ्याकडे नसणार.

तुझा दादा