जुन्या मारुती 800 चा व्हॅक्युम लीक घरच्या घरी सापडतो का, की स्मोक टेस्टच करावी लागते?

सापडतो. व्हॅक्युम लीक म्हणजे जोडांतून किंवा नळ्यांतून इंजिनात शिरणारी चोरटी हवा. कार्ब्युरेटरच्या गाडीला धूर सोडून गळती शोधणारं स्मोक मशीन कशाला? तुम्ही लिहिलंय, थंड असताना चोकवर नीट चालते, गरम झाली की सिग्नलला थरथरून बंद पडते, हायवेला तक्रार नाही. आमच्या 1995 च्या 800 चं हेच दुखणं होतं, म्हणून लिहायला बसलो.

वडिलांची गाडी. खंबाटकी दमदार चढायची आणि सातारच्या पोवई नाक्यावर ऐन गर्दीत बंद. गॅरेजवाल्याने दर वेळी आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाच्या वेगाचा, स्क्रू वाढवला, शेवटी म्हणाला, "कार्ब्युरेटर गेला, नवीन टाका." दाजींचं त्याहून पुढचं, "भंगारात द्या आता." मी दोघांचंही ऐकलं नाही. कार्ब्युरेटर गेला असता तर घाटात दम धरला असता का? आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डची (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याची) ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून चोरटी हवा तेव्हाच बाधते. ॲक्सिलरेटर दाबला की ती हिशेबातच राहत नाही. आणि चोकने मिश्रण दाट होतं, त्यामुळे लीक झाकला जातो.

एअर फिल्टरचा डबा उतरवला, गरम इंजिन आयडलला सोडलं आणि फवाऱ्याच्या बाटलीने साबणाचं पाणी एकेका जोडावर मारत गेलो. नळ्या सगळ्या ठणठणीत. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मागच्या नटाजवळ फेस पडला तो सुर्रकन आत गेला आणि थरथर क्षणभर थांबली! खोलून फ्लँजवर, म्हणजे बुडाच्या सपाट कडेवर, स्टीलची पट्टी उभी धरली, तर मधून उजेड दिसत होता. कुणीतरी नट मरेस्तोवर आवळून फ्लँजचे कान वाकवले होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट केली, नवीन पॅकिंग घातलं, नट आलटून पालटून बेताने आवळले. मग वाढवलेला आयडल स्क्रू परत मागे घ्यावा लागला. त्याच कार्ब्युरेटरवर गाडी आजही चालते, दाजीसुद्धा कामाला तीच मागून नेतात.

हे करण्याआधी प्लग, पॉइंट (ठिणगीचे) आणि टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) बघून घ्या, नाहीतर लीक नसताना शोधत बसाल. नळ्या टोकाशी, क्लिपखाली चिरतात, तिथे वाकवून बघा. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी चिमटून बघा, आयडल सुधारला तर चोर तिकडे आहे. व्हॅक्युम गेज (ओढ मोजणारं मीटर) मिळालं तर पुस्तकातले 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात. सातारा सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोनेक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर लीकचा संशय, ठरावीक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्ह बघा.

आणि हो, कार्ब क्लीनर (पेट घेणारा फवारा) मारून शोधायचा सल्ला सगळे देतात, पण गरम सायलेन्सर आणि जुन्या प्लग वायरींची ठिणगी शेजारीच असते. साबणाचंच पाणी वापरा, तेही प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका.

बुडाचं पॅकिंग न बघता आयडलच्या स्क्रूला हात घालणाऱ्या मेकॅनिकला बॉनेट उघडू देऊ नका, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.