गोळी सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, खरंच फरक पडतो का?

तुमचे वडील वाळवा तालुक्यात शेती करतात, बीपी, कोलेस्टेरॉल आणि आमवात अशा तिन्हींच्या गोळ्या चालू आहेत, आणि शेतीपंपाला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात ते उसाला पाणी पाजायला रात्रभर रानात असतात. मग गोळ्यांच्या वेळा पाळून उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. कराडला बी.फार्म. केल्यापासून औषध शरीरात ठरलेल्या वेळी कसं सुटेल यावरच माझं काम चालू आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वेळेचा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो आमवातात. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. सूज वाढवणारं इंटरल्यूकिन-6 हे प्रथिन पहाटे रक्तात वाढतं, त्याचा हा परिणाम. सकाळी आठला सूज कमी करणारं स्टेरॉइड घेतलं तर तोवर सूज चढलेली असते. म्हणून प्रेडनिसोन या स्टेरॉइडची एक वेगळी गोळी निघाली. रात्री दहाच्या सुमाराला गिळायची, औषध सुटतं साधारण चार तासांनी. 2008 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिची चाचणी प्रसिद्ध झाली. सकाळच्या साध्या गोळीपेक्षा आखडणं जास्त कमी झालं होतं.

गोळी चार तास थांबते कशी? याच्या बऱ्याच रीती आहेत. मला आवडणारी रीत म्हणजे औषधाभोवती पाणी शोषून फुगणारा थर द्यायचा आणि त्यावर पाणी अगदी हळू आत सोडणारं इथाइल सेल्युलोजचं कवच चढवायचं. भिजत घातलेला हरभरा फुगून साल फाडतो, तसं ते कवच आतून फाटतं. कवच जाड केलं की वेळ लांबते. प्रयोगशाळेत 37 अंशांवर, आधी जठरासारख्या आम्लात आणि मग आतड्यासारख्या द्रावणात गोळी ठेवून आम्ही ठरावीक वेळाने नमुने काढतो. एक गोळी वेळेवर फुटणं सोपं आहे, सगळ्या गोळ्या एकाच वेळी फुटणं अवघड. आणि कृपा करून अशी गोळी मोडून किंवा कुटून देऊ नका. मोठी गोळी अर्धी करायची आपल्याकडे फार सवय आहे, पण कवच तुटलं की सगळं औषध लगेच सुटतं.

कोलेस्टेरॉलचं थोडक्यात सांगतो. यकृत ते रात्री जास्त बनवतं. ते कमी करणारं सिमव्हास्टॅटिन हे औषध शरीरात थोडेच तास टिकतं म्हणून ते रात्री देतात. अ‍ॅटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असेल तर ते बराच वेळ टिकतं, कोणतीही एक वेळ चालते. बीपीच्या गोळ्यांबाबत ब्रिटनमध्ये 21,104 लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2022 साली निष्कर्ष आले: सकाळी घ्या किंवा संध्याकाळी, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक नाही. जी वेळ वडील विसरणार नाहीत, ती चांगली.

आता रात्रीच्या लाईटचं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. गोळीला फक्त गिळल्यापासूनचे तास कळतात. शरीराचं मुख्य घड्याळ म्हणजे मेंदूतला सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका, आणि तो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर वेळ लावतो. यकृताचं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेनंही सरकतं. रात्री खाणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं तेव्हा त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटलं, मेंदूतलं जागच्या जागी राहिलं, हे 2000 साली दाखवलं गेलं. रात्री दोनला बांधावर भाकरी खाणाऱ्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार करा. एका आठवड्यात शरीर पुरतं उलटत नाही, आणि उलटायला लागतं तोवर दिवसाची लाईट येते. दहाला गिळा, दोनला सुटेल, हा हिशेब रात्री झोपणाऱ्या माणसासाठी मांडलेला आहे. पाणी पाजणारे शेतकरी, साखर कारखान्यात रातपाळी करणारे कामगार यांच्यासाठी तो नव्यानं मांडायला हवा, आणि ते काम आपल्याकडेच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सध्या एवढं करा. मिरजेला दाखवायला जाल तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या आणि कोणत्या आठवड्यात वडील कधी झोपतात, कधी जेवतात हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण ते बहुधा विचारणार नाहीत. प्रत्येक गोळीची वेळ घड्याळावर धरायची की झोपेवर, ते त्यांनाच ठरवू द्या. स्टेरॉइड चालू असेल तर त्याची वेळ किंवा मात्रा मनानं बदलू नका, आणि ते अचानक बंद तर मुळीच करू नका.